शिट्टी नसलेला कुकर

"सोपं आहे हो, सगळं आत टाकायचं आणि विसरून जायचं," असं ज्या बाईंनी मला सांगितलं, त्यांनी तो कुकर स्वतः एकदाही लावलेला नव्हता. अमेरिकेहून आल्यापासून तो खोक्यातच होता. हे मला नंतर कळलं. पण आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता, कारण त्या दिवशी त्यांच्या व्हरांड्यात मी जे जे बोलले त्यातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असं मला फारसं वाटतही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत तेव्हा नवेनवे कारखाने येत होते. माझे मिस्टर त्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले होते, पण अजून कायम व्हायचे होते. आम्ही बारामतीला लागूनच असलेल्या जळोचीत राहायचो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मी बारामतीतल्या एका शाळेत गणित शिकवायची. आमचे आजेसासरे मेंढरं घेऊन दर दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. सासऱ्यांनी मेंढरं विकली, विहीर पाडली, शेती केली, मुलाला शिकवलं. सासरे आणि सासूबाई दोघांनीही तरुणपणीच तुळशीची माळ घातली होती. सासरे गेले, पण घरात मटण-मासे शिजण्याचा प्रश्न तेव्हाही नव्हता आणि नंतरही आला नाही. माझ्या मिस्टरांनी माळ घातली नव्हती, पण लहानपणापासून सवय नसल्यामुळे तेही खात नसत. मी इंदापूरची. माझ्या माहेरी चालायचं, तेही सणावाराच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे आले तर. लग्न झाल्यावर मी ते सोडून दिलं. कुणी सोड म्हणालं नव्हतं. घरात होत नाही, म्हणून आपोआप सुटलं.

कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या बायकोला आम्ही सगळ्या जणी मॅडम म्हणायचो. मशिनरी बसवायला आलेले परदेशी इंजिनिअर परत निघाले होते आणि त्यांच्यासाठी कंपनीच्या गेस्ट हाउसवर पार्टी ठरली होती. जेवण पुण्याचा केटरर करणार होता, पण "घरगुती टच" म्हणून सुरुवातीचे खायचे पदार्थ अधिकाऱ्यांच्या बायकांनी करायचे असं मॅडमनी ठरवलं. कुणाला कोथिंबीर वडी दिली, कुणाला ढोकळा, कुणाला चीज लावलेले टोस्ट. मला बंगल्यावर बोलावलं तेव्हा व्हरांड्यात एक मोठं खोकं तयार ठेवलेलं होतं.

"तुम्ही नॉनव्हेज करा," मॅडम म्हणाल्या. "सॉसेज पुण्याहून मागवलेत. गेस्ट हाउसच्या फ्रीजरमध्ये आहेत, वॉचमन देईल. हा माझ्या बहिणीने पाठवलेला स्लो कुकर, विजेवर हळूहळू शिजवणारा. रेसिपी आत आहे. जॅम, केचप आणि सॉसेज. लहान मूलसुद्धा करेल."

मी म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी नॉनव्हेज होत नाही. सासूबाई माळकरी आहेत."

त्या हसल्या. अगदी प्रेमाने हसल्या, हे मुद्दाम सांगते. "अहो, लाजता काय? आम्ही काही नावं ठेवणाऱ्यातले नाही. तुमच्यात चालतंच की. मेंढरांतली माणसं तुम्ही."

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला सांगते तसं. आमच्या घरी कुणी खात नाही. आमच्या चुलीवर कधी शिजलेलं नाही. मला करता येणार नाही असं नाही, पण घरात करता येणार नाही.

"मग सासूबाईंना कळू देऊ नका," त्या म्हणाल्या आणि डोळे मिचकावले.

म्हणजे एका मिनिटात मी खाणारीही ठरले आणि चोरून खाणारीही. मग मी विचारलं, "इथंच तुमच्या स्वयंपाकघरात लावला तर? मी येऊन करते."

मॅडमचा चेहरा एकदम बदलला. "माझ्या किचनमध्ये? अहो, आमच्याकडे अंडंसुद्धा आत येत नाही."

त्यांच्या स्वयंपाकघरात मांस येत नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं आणि मी लगेच मानलं. पुरावा मागितला नाही, डोळे मिचकावले नाहीत. माझ्या स्वयंपाकघराबद्दल मी दोनदा सांगितलं आणि ते लाजणं ठरलं. खोकं दोन्ही हातांत धरून मी फाटकातून बाहेर पडले. नाही म्हणून ते तिथंच ठेवून का आले नाही? मिस्टर कायम व्हायचे होते, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

घरी मिस्टरांनी खोकं पाहिलं, सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मी साहेबांशी बोलू का?"

"काय बोलणार?"

सासूबाईंनी खोकं उघडायला लावलं. काचेचं झाकण, आत जड चिनीमातीचं भांडं, बाहेर पत्र्याचं कवच आणि सोबत विटेएवढा काळा ट्रान्सफॉर्मर, कारण तिकडची वीज वेगळी. त्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"शिट्टी कुठं हाय?"

"याला शिट्टी नसते."

"मंग कुकर कसला ह्यो?" मग झाकण जागेवर ठेवून म्हणाल्या, "आपल्या घरात नगं, बाई. आन् शेजारणीच्या घरातबी नगं, पुन्हा बोल लागंल. तुज्या आईकडं जा. पर एक सांग, तू तिला सांगितलं न्हाईस का, आमी माळकरी हाय म्हून?"

"दोनदा सांगितलं."

"मंग?"

"तिला पटलं नाही."

सासूबाईंनी खोकं बंद करून दाराशी सरकवलं.

पार्टी शनिवारी संध्याकाळी होती. त्या सकाळी शाळेची रजा टाकून मी इंदापूरची एसटी धरली. मिस्टरांनी स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडलं, वाटेत गेस्ट हाउसच्या वॉचमनकडून सॉसेज घेतले. एका पिशवीत ते खोकं, दुसऱ्या पिशवीत थर्माकोलच्या डब्यातले गोठलेले सॉसेज, जॅमची बाटली, केचपची बाटली. निमगाव केतकीला पानमळेवाल्या बाया करंड्या घेऊन चढल्या आणि माझ्या पिशवीवर पाय पडू नये म्हणून मी ती मांडीवर घेतली. दगडासारखं थंडगार ओझं मांडीवर घेऊन बसले आणि मनातल्या मनात मॅडमशी भांडत राहिले. तिथं मला चांगली उत्तरं सुचत होती.

माझे वडील इंदापूर डेपोत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी सॉसेजचं पाकीट हातात घेऊन उजेडात धरलं.

"कशाचं हाय?"

"कोंबडीचं. असं लिहिलंय."

"कोंबडी अशी बोटासारखी असती व्हय?"

आईने जॅमची बाटली पाहिली. "मटणात जाम?"

"मी म्हणत नाही आई, कागदावर आहे. मोहरीची पेस्टही घालायची आहे."

"कागदावर काय बी लिवत्याल. मोहरीची पेस्ट म्हंजी?"

ती इंदापूरच्या कुठल्याच दुकानात मिळाली नसती. आईने पाट्यावर मोहरी वाटून दिली. मी सॉसेजचे तुकडे केले, जॅम आणि केचप ओतलं, मोहरी घातली, दोन हिरव्या मिरच्या माझ्या मनानं टाकल्या, झाकण लावलं, ट्रान्सफॉर्मर जोडला आणि बटण दाबलं. कुकरवर तांबडा दिवा लागला. वडील स्टूल घेऊन समोरच बसले. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. भांड्याला हात लावला तर जेमतेम कोमट.

"ह्यो शिजवतोय का उबवतोय?" वडील म्हणाले.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडं तेव्हा लाईट जाणं हे काही सांगण्यासारखं नव्हतं. पण सगळं टाकून विसरून जा म्हणणाऱ्या मॅडमच्या बंगल्याला कंपनीचा जनरेटर होता. त्यांची वीज कधी जात नव्हती, त्यामुळे त्यांना सगळं सोपंच वाटत असणार. मी तिथं त्या कोमट भांड्यापाशी उभी राहिले आणि मला इतका संताप आला की रडूच आलं. आई म्हणाली, "रडती कशाला? वत त्या पातेल्यात."

चिनीमातीचं भांडं जाळावर ठेवता येत नाही, तडकतं. मग आम्ही सगळं आईच्या जाड बुडाच्या पातेल्यात काढलं आणि मागच्या दारी शेगडीवर ठेवलं. खाली कोळशाचा विस्तव, त्यावर राख. मी दर थोड्या वेळाने हलवत होते, कारण जॅम बुडाला लागतो. विसरून जायचं म्हणे. धुरानं डोळे चुरचुरत होते, साडीला कोंबडीचा आणि साखरेचा वास लागला होता. पण रस दाट झाला, तुकड्यांवर तकाकी आली. वडिलांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो.

"गोड हाय," ते म्हणाले. मग दुसरा उचलला. "पर वाईट न्हाय." आणि आईने ताटात भाकरी वाढल्यावर त्यांनी आणखी थोडे मागून घेतले.

आता हे गरमच्या गरम बारामतीला न्यायचं कसं? वडिलांनी कोपऱ्यातलं आपलं काळं घोंगडं काढलं, पातेल्याचं झाकण फडक्यानं घट्ट बांधलं आणि सगळं घोंगड्यात गुंडाळलं. स्टँडवर ते स्वतः आले. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा होता. त्याने पातेलं ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली सरकवलं.

"तात्या, काय हाय ह्यात?"

"सायबांचा नाष्टा," वडील म्हणाले आणि माझ्याकडे न बघता खाली उतरले. त्यांना त्या नोकरीची, मॅडमची, त्या खोक्याची सगळी हकीकत आता माहीत होती. "सायबांचा" हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, तो मला बारामती येईपर्यंत ऐकू येत होता.

गेस्ट हाउसच्या हिरवळीवर दिवे लावले होते. शाकाहारी पदार्थांची लांब टेबलं मध्ये होती, पांढऱ्या चादरी, फुलं. माझं टेबल एका बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, पार्किंगला लागून. "तिथं प्लग पॉइंट आहे ना," मॅडम म्हणाल्या. प्लग पॉइंट हिरवळीभोवती सगळीकडे होते. मी पातेल्यातलं त्या चिनीमातीच्या भांड्यात ओतलं, बटण लावलं, सॉसेजना टूथपिक टोचल्या. मॅडमनी घोंगड्याकडे बोट केलं. "ते जरा पलीकडे ठेवा हं, वास येतो."

त्या घोंगड्यात गुंडाळून आणलं म्हणूनच त्यांची पार्टी गरम होती. मी ते घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवलं.

बाकीच्या बायकांनी आपले पदार्थ टेबलावर ठेवले आणि त्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. मी निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा ना, वाढायला कोणीतरी हवं." ढोकळा वाढायला कोणी नको होतं. कोथिंबीर वडी लोक आपल्या हाताने घेत होते.

मी थांबले. आणि मग एकेक जण यायला लागला. ज्यांच्या घरी अंडंसुद्धा आत येत नाही असे लोक. आधी इकडे तिकडे बघायचे, एक काडी उचलायचे, मग दुसरी. एक अकाउंट्सवाले गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "घरी सांगू नका हं वहिनी." मॅडमचे मिस्टर, म्हणजे मोठे साहेब, तीन वेळा आले. ते चोरून खाणारे नव्हते. ते "टेस्ट करून बघणारे" होते. चोरून खाणारी फक्त मी, जिने लग्नानंतर तुकडा तोंडात घातला नव्हता.

परदेशी पाहुण्यांपैकी एकाची बायको मॅडमबरोबर आली. तिने खाल्लं, तिला आवडलं, तिने इंग्रजीत विचारलं की हे कोणी केलं.

"हिने," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "मेंढपाळ समाजातली आहे. यांच्याकडे मांस रोजच असतं, त्यामुळे हात बसलेला असतो."

मला इंग्रजी येतं हे मॅडम विसरल्या होत्या, किंवा त्यांनी तो विचारच केला नव्हता. मी पाहुणीकडे बघून इंग्रजीतच म्हणाले, "आमच्या घरात कुणीही मांस खात नाही. माझ्या सासूबाईंनी तरुणपणापासून ते चाखलेलं नाही. मॅडमच्या स्वयंपाकघरात करता येत नाही, म्हणून मी पन्नासेक किलोमीटरवर माझ्या वडिलांच्या घरी जाऊन हे करून आणलंय."

पाहुणी गोंधळली. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फार लाजाळू आहे."

आता इंग्रजीतसुद्धा मी लाजाळू होते. तीनदा सांगून झालं, दोन भाषांत सांगून झालं.

मी मॅडमचा हात खांद्यावरून खाली केला. जोरात नाही, पण केला. एक रिकामी बशी घेतली, मधल्या टेबलावरून ढोकळा आणि कोथिंबीर वडी घेतली आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी पदर सावरून मला जागा दिली. मॅडम तिथंच उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने बोलावलं. मी वडी खाल्ली. वडी चांगली झाली होती.

मग माझे मिस्टर पुरुषांच्या घोळक्यातून निघाले. मला वाटलं, आता येऊन मला म्हणतील, एवढं निभावून ने. ते माझ्याकडे आले नाहीत. ते सरळ त्या टेबलामागे जाऊन उभे राहिले आणि वाढायला लागले. इस्त्रीच्या शर्टात, बाह्या न सरसावता. मोठे साहेब चौथ्यांदा आले होते.

"अरे, तुम्ही कसे इथं? तुम्ही घेतलंत का?"

"नाही सर," मिस्टर म्हणाले. "आमच्यात चालत नाही."

साहेबांच्या तोंडात काडी होती. ती काढायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आसपासचे दोघेतिघे बशी खाली ठेवून एकदम केटररच्या काउंटरकडे निघाले. मॅडम या वेळी हसल्या नाहीत. बाईने सांगितलं तर लाजणं आणि पुरुषाने एकदा सांगितलं की खरं, याचाही राग मला त्याच क्षणी आला. मिस्टरांचा अभिमान वाटत असतानाच आला. दोन्ही एकदम वाटू शकतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा निरोप आला की कुकर आता तुम्हीच ठेवा, भेट समजा. भेट कसली? त्याला मांस लागलं होतं, म्हणून तो त्यांना घरात नको होता. निरोप सासूबाईंच्या समोरच आला. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं, टाकीजवळच्या टेबलापासून इंग्रजीपर्यंत.

"रिक्षा बोलीव," त्या म्हणाल्या.

भांडं मी गेस्ट हाउसच्या नळावरच लख्ख घासून आणलं होतं. खोकं मांडीवर घेऊन सासूबाई रिक्षात बसल्या. बंगल्याच्या व्हरांड्यात गेल्यावर कुणी बसा म्हणायच्या आत त्या खुर्चीवर बसल्या, खोकं पायाशी ठेवलं. मॅडम बाहेर आल्या.

"बाई, ही तुमची वस्तू," सासूबाई म्हणाल्या. गळ्यातली माळ त्यांनी दाखवली नाही, ती दिसतच होती. "आमच्यात हे होत न्हाय. माजी सून तुमाला सांगत व्हती. ती खोटं बोलत न्हाय. तिला खोटं पाडायच्या आदी माज्या घरी येऊन बगायचं व्हतं. च्या तरी मिळाला असता."

मॅडम म्हणाल्या, "आजी, गैरसमज झाला हो."

सासूबाई उठल्या. "व्हय, तुमचा झाला," एवढंच म्हणाल्या. पाणी विचारलं, त्यांनी नको म्हटलं.

गैरसमज हा शब्द मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. मी नीट सांगितलं नसतं तर गैरसमज झाला असता. मी सांगितलं होतं, मराठीत आणि इंग्रजीत, उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून. त्यांना माझ्यापेक्षा माझ्या जातीबद्दल जास्त माहिती होती, एवढंच झालं होतं. पुढे मिस्टर कायम झाले. त्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता, मशिनरी नीट चालत होती म्हणून झाले. मॅडम नंतर रस्त्यात दिसल्या की स्वतःहून बोलायच्या, मीही बोलायची. पण पुन्हा त्यांनी मला कुठलाही पदार्थ करायला सांगितला नाही, आणि त्यांच्या घरी मी पुन्हा पाय ठेवला नाही.

त्या दिवशी परत येताना रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "तुज्या बापाला आवडलं का गं ते?"

"आवडलं. भाकरीबरोबर खाल्लं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुनाच्या तरी पोटात सुकानं गेलं."